ऑर्लिन क्वामेच्या अठ्ठावीस चुका

ऑर्लिन क्वामेने आमच्या वॉर्बेक गावासाठी एकोणीस उन्हाळे बेसबॉलचा चेंडू फेकला आणि त्यात तो जिंकला त्यापेक्षा हरला जास्त. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण शेजारच्या सेंट ओथमार गावचं कुणी भेटलं की ते पहिलं हेच सांगतील. एकशे एकवीस विजय, एकशे चौतीस पराभव. आकडा खरा आहे. त्यातल्या बहुतेक सामन्यांत मी कॅचर होतो, फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून ऑर्लिनचे चेंडू घेत होतो. इतक्या वर्षांत त्याच्या वेगाने माझा तळहात एकदाही लाल झाला नाही, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

पण चेंडू हातातून सुटला की तोच माणूस बदलायचा. आमच्या लीगमधले बाकीचे पिचर चेंडू फेकला की प्रेक्षक होऊन जायचे. फलंदाजाने मधोमध सरपटी मारला तर पाय उचलायचे आणि मागचे बघून घेतील म्हणायचे. ऑर्लिन फेकून झाल्या झाल्या दोन्ही पायांवर बसल्यासारखा उभा राहायचा, ग्लोव्ह गवताला टेकवून, आणि मग उजवीकडे तीन पावलं, डावीकडे तीन पावलं, एवढ्या पट्ट्यातलं जे काही जमिनीवरून येईल ते त्याचं. हे तो शिकला पाच थोरल्या बहिणींमुळे. क्वामेंचं शेत दलदलीच्या काठावर होतं. बॅट पहिल्यांदा बहिणींच्या हातात, दुसऱ्यांदाही बहिणींच्याच हातात, आणि ऑर्लिनने फक्त फेकायचं. त्याला चुकवून चेंडू मागे गेला की थेट चिखलात, आणि आणायला जायचं त्यानेच. आठव्या वर्षापर्यंत पोराने ठरवून टाकलं होतं की मागे काही जाऊच द्यायचं नाही.

एकोणपन्नास सालचा एक चेंडू मला अजून दिसतो. सेंट ओथमारच्या एका दांडगट फलंदाजाने असा हाणला की तो ऑर्लिनच्या नडगीवर आदळून तिसऱ्या बेसच्या रेषेकडे उडाला. नडगीचा आवाज मी फलंदाजाच्या मागे बसून ऐकला. वाटलं, संपलं, आता याला उचलूनच न्यावं लागणार. पण ऑर्लिन दोन हात आणि एका पायावर, खेकड्यासारखा, चेंडूच्या मागे निघाला होता. त्याने तो उघड्या हाताने उचलला आणि बसल्या बसल्या अंगावरून पहिल्या बेसकडे भिरकावला. फलंदाज धावत तिथे पोचायच्या आत, अर्ध्या पावलाने बाद. मैदानाभोवती लावलेल्या झाडून सगळ्या मोटारींचे भोंगे एकदम वाजायला लागले, त्यात सेंट ओथमारच्याही होत्या. ऑर्लिन तेवढ्यात उठून पँटवरची माती झटकत होता. आठवडाभर तो डेअरीत दुधाचे कॅन एका पायावर उड्या मारत उचलत होता.

अशा माणसाचा हिशेब ठेवायला आमच्याकडे बर्निस पेखा होती. गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर आणि रविवारी आमच्या संघाची स्कोअरर. प्रत्येक चेंडू कुठून कुठे गेला, कुणी अडवला, कुणाच्या हातून सुटला, सगळं ती बारीक खुणांनी वहीत मांडायची. तिच्याशी हुज्जत घालायची गावात कुणाची छाती नव्हती. बरोबर असेल तर लिहिणार, आणि लिहिलं की पुसणार नाही.

एक्कावन्न सालच्या अंतिम सामन्यात सेंट ओथमारचा पिचर लँबर्ट थाइसेन फलंदाजीला आला आणि त्याने बॅट नुसती आडवी धरून चेंडू गवतात टाकला. ऑर्लिन झेपावला, पोटावर पडून चेंडू उचलला, गुडघ्यांवर उठून फेकला, आणि तो आमच्या पहिल्या बेसवाल्या ओटोच्या डोक्यावरून पार कुंपणापाशी गेला. त्या एका धावेने आम्ही हरलो. सगळं गाव म्हणत होतं की तो चेंडू फलंदाजाचा हक्काचा होता, त्यात पिचरची चूक कसली. बर्निसने लिहिलं, पिचरची चूक.

सोमवारी डेअरी सुटल्यावर ऑर्लिन एक्स्चेंजच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला. मी सोबत होतो, कारण एकट्याने जायला त्याला धीर होत नव्हता.

"त्या चेंडूपर्यंत दुसरा कुणी पोचलाच नसता," तो म्हणाला.

"नसता. आणि मग मी चूक लिहिलीही नसती," बर्निस म्हणाली. कानावरचा हेडफोनही तिने काढला नाही. "तू पोचलास. उचललास. लँबर्ट अजून चार पावलं लांब होता. नीट फेकला असतास तर बाद होता. बरोबर?"

ऑर्लिनने खिडकीच्या कठड्यावर बोटाने चार पावलं मोजली आणि म्हणाला, बरोबर.

त्यानंतर तो दर सोमवारी वही बघायला जायला लागला. एका सामन्याची वही बघायला तास लागत नाही हे गावात सगळ्यांना कळत होतं, पण कुणी काही बोललं नाही. त्रेपन्नच्या शरद ऋतूत त्यांचं लग्न झालं. लग्नानंतरही ती वही लिहीत राहिली आणि नवऱ्याच्या नावावर चुका लिहायला ती कधी कचरली नाही.

चौसष्ट साली ऑर्लिनचा खांदा संपला आणि तो खेळायचा थांबला. गाजावाजा काही झाला नाही. डेअरीत लोण्याच्या विभागाचा मुकादम झाला, हिवाळ्यात तळ्यावर मासे धरायला लागला. मीही लाकडाच्या वखारीत कारकुनी करत जाड झालो. हे सगळं असंच चालू राहिलं असतं, पण त्र्याहत्तरच्या डिसेंबरात वखारीत एक पत्र आलं.

लीगला पन्नास वर्षं होत होती. बारा गावांच्या समितीने ठरवलं होतं की सेंट ओथमारच्या मैदानावर एक मोठा फळा लावायचा आणि त्यावर प्रत्येक जागेवरच्या सगळ्यात चांगल्या क्षेत्ररक्षकाचं नाव रंगवायचं. समितीचे चिटणीस सेंट ओथमारचे पेल्झल मास्तर. शाळेत गणित शिकवायचे. त्यांनी सोबत एक तक्ता जोडला होता. हजार चेंडूंना हात लागला तर त्यातले किती नीट मार्गी लागले, असा हिशेब. पिचरांच्या रकान्यात पहिलं नाव लँबर्ट थाइसेन, हजारात नऊशे चौऱ्याऐंशी. लीगची सरासरी नऊशे एक्केचाळीस. आमचा ऑर्लिन सहाव्या नंबरावर, नऊशे अडुसष्ट.

माझं डोकं असं तापलं की मी टोपी न घालताच बर्फातून क्वामेंच्या घरी गेलो. बर्निसने तक्ता वाचला आणि आकडे बरोबर आहेत म्हणाली.

"बरोबर कसे? लँबर्ट याच्यापेक्षा चांगला? तू स्वतः बघितलंयस."

"मी काही बोलले तर लोक म्हणतील, बायको बोलली."

"तू बोलू नकोस. वह्या दे फक्त."

ती आत गेली आणि एकोणीस वह्या घेऊन आली. मग तिच्याने राहवलं नाही. पेन्सिलीही घेऊन आली.

सगळा जानेवारी आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. मी वाचायचो, ती मांडायची. ऑर्लिनला हे सगळं लाजिरवाणं वाटायचं. तो मध्येच येऊन कॉफी ओतून घ्यायचा, मी काही विचारलं तर गळ आणि दोऱ्यांबद्दल बोलायचा आणि तळ्यावर निघून जायचा.

पहिल्याच आठवड्यात आम्हाला धागा सापडला. मास्तरांच्या तक्त्यात लँबर्टच्या सतरा वर्षांत सहा चुका. पण त्याने एकूण अडवून बाद केले किती? तीनशे सत्तर. ऑर्लिनच्या चुका अठ्ठावीस, पण त्याने बाद केले आठशे पन्नास. नऊ डावांच्या एका पूर्ण सामन्यामागे बघितलं तर लँबर्टचे दीड-पावणेदोन आणि ऑर्लिनचे साडेतीन. मी पेन्सिल खाली ठेवली आणि पुन्हा भागाकार केला. तेच आलं. चुका बावीस जास्त, आणि त्या बदल्यात साडेचारशेच्या वर माणसं जास्त बाद. मी खुर्चीवरून उठून टेबलाभोवती फेऱ्या मारायला लागलो.

बर्निस म्हणाली की बस खाली, मास्तर हे दोन मिनिटांत उडवून लावतील. लँबर्टचा चेंडू वेगवान होता, फलंदाजांच्या बॅटला तो लागायचाच नाही. जे चेंडू आलेच नाहीत ते तो अडवणार कसे?

ती म्हणत होती ते खरं होतं, आणि मी दोन दिवस नुसता चडफडत होतो. तिसऱ्या दिवशी मी वखारीतून येतो तर बर्निस दारातच उभी. गालांवर लाली चढलेली, हातात तीन वह्या.

"एकतीस सामने," ती म्हणाली. "लँबर्ट आणि ऑर्लिन एकमेकांविरुद्ध एकतीस वेळा खेळलेत. तेच मैदान, तोच दिवस, तेच गवत. आणि मी प्रत्येक चेंडूची दिशा लिहिलीय. अडवलेल्यांची पण, आणि मधून निघून गेलेल्यांची पण."

कोट न काढताच मी टेबलाशी बसलो. पिचरच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन पावलांचा पट्टा धरायचा आणि त्या पट्ट्यात जमिनीवरून आलेला प्रत्येक चेंडू मोजायचा. पंधरा दिवस लागले. लँबर्टच्या पट्ट्यात एकशे अठरा चेंडू आले आणि त्याने त्यांतल्या एकसष्टांवर माणूस बाद केला. म्हणजे दहात पाच. ऑर्लिनचा शेवटचा सामना मोजताना आम्ही दोघंही मोठ्याने आकडे म्हणत होतो. एकशे चौसष्ट आले, एकशे एकतीस बाद. दहात आठ. बर्निसने ते तीनदा तपासलं. मग तिने कपाटातून ब्रँडीची बाटली काढली, जी ती फक्त नाताळच्या केकसाठी ठेवायची, आणि आम्ही दोघांनी एकेक घोट घेतला.

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी सेंट ओथमारच्या चर्चखालच्या हॉलमध्ये समितीची सभा होती. प्रार्थना झाली, सॉसेज आणि आंबवलेल्या कोबीचं जेवण झालं आणि टेबलं पुसून बारा गावांची बारा माणसं बसली. वॉर्बेककडून मी. बर्निस भिंतीपाशी, वह्यांची पेटी पायाशी घेऊन. लँबर्ट थाइसेनही आला होता. आता त्याचं ट्रॅक्टरचं दुकान होतं, केस पांढरे झाले होते, पण खांदे तसेच रुंद. ऑर्लिनने यायचं साफ नाकारलं होतं. तो सकाळीच तळ्यावर गेला होता.

मी उभा राहिलो. आवाज माझा चढलाच होता, पण आकडे मी नीट सांगितले. आधी साडेतीन आणि पावणेदोन. पेल्झल मास्तर लगेच म्हणाले की थाइसेनच्या चेंडूला बॅटच लागत नव्हती, त्यामुळे ही तुलना मला मान्य नाही. मी म्हणालो, मास्तर, ते आम्हालाही मान्य नाही, म्हणून पुढचं ऐका. आणि मी एकतीस सामने सांगितले. दहात पाच, दहात आठ. हॉलमध्ये बाकं करकरायला लागली. मास्तरांनी चष्मा काढून पुसला, खिशातून कागद काढला आणि स्वतः भागाकार करायला घेतला.

तेवढ्यात सेंट ओथमारचा एक खाटीक मागून म्हणाला, "पण वही कुणाची? नवऱ्याचे चेंडू बायकोने मोजलेत."

मी त्याच्याकडे वळलो. पण मी बोलायच्या आत बर्निस उठली. तिने शांतपणे मास्तरांना विचारलं की तुमच्या गावची स्कोअरबुकं याच हॉलच्या कपाटात असतात ना. मास्तर म्हणाले, असतात. ती म्हणाली, "मग काढा. तेच एकतीस सामने काढा. ऑर्लिनच्या चुका तुमच्या माणसाने किती लिहिल्यात तेवढंच वाचा."

मास्तर सरळ माणूस. त्यांनी किल्ली आणली. एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला बर्निस, आणि तारीख घेऊन एकेक सामना वाचायला सुरुवात झाली. सगळी माणसं उठून त्या टेबलाभोवती गोळा झाली. पहिले आठ सामने दोन्हीकडे सारखे. नवव्याला मास्तर म्हणाले, "आमच्याकडे चूक नाही." बर्निस म्हणाली, "माझ्याकडे एक." चौदाव्याला पुन्हा तसंच. एक्कावन्नचा अंतिम सामना आला, तो आडव्या बॅटचा चेंडू आला, आणि मास्तरांनी वहीवर बोट ठेवून वाचलं की सेंट ओथमारच्या वहीत ती थाइसेनची कमाई आहे, पिचरची चूक नाहीच. तोपर्यंत लोक हसायला लागले होते. एकतीस सामने संपले तेव्हा शत्रूच्या वहीत ऑर्लिनच्या चुका दोन होत्या आणि बायकोच्या वहीत पाच.

खाटीक म्हणाला, "अशी बायको असल्यावर कोण खेळेल." आणि हसत हसत त्याने बर्निससाठी खुर्ची पुढे सरकवली.

मग लँबर्ट थाइसेन बोलला. तोवर तो कॉफीच्या कपाभोवती हात धरून बसला होता.

"माझ्या चुका सहाच का आहेत ते सांगतो," तो म्हणाला. "पहिल्या वर्षी एक चेंडू माझ्या अंगठ्यावर बसला. हाड मोडलं. आठ आठवडे मला सदऱ्याची बटणं आईने लावून दिली. त्यानंतर जोरात आलेल्या चेंडूला मी हात घातलाच नाही. बाजूला व्हायचो. असा सफाईने व्हायचो की लोकांना वाटायचं, मागच्यासाठी मुद्दाम सोडला. सतरा वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही." त्याने कप बाजूला सारला. "ऑर्लिनच्या आलं होतं. तो कधी कुणाला बोलला नाही. पण आमच्याविरुद्ध फलंदाजीला आला की तो स्वतः चेंडू कायम माझ्या अंगावर मारायचा."

मला ते सगळे सामने आठवले. ऑर्लिनसारख्या दुबळ्या फलंदाजाचे ते मधोमध घुसणारे चेंडू, ज्यांना आम्ही नशीब म्हणायचो. एकोणीस वर्षं मी त्याच्या शेजारी बाकावर बसलो आणि मलासुद्धा त्याने सांगितलं नव्हतं.

"फळ्यावर माझं नाव लावलंत तर मला रोज त्याच्यासमोरून गाडी न्यावी लागेल," लँबर्ट म्हणाला. "घ्या मतं."

अकरा हात वर गेले. बारावा मास्तरांचा, तो आकडा लिहून झाल्यावर वर गेला.

मी आणि बर्निस धावतच गाडीपाशी आलो. चर्चला घालायचे बूट बर्फावर घसरत होते आणि ती पन्नाशीची बाई मला म्हणत होती की गाडी जरा पळव. तळं अठरा मैल. काठाला गाडी सोडून आम्ही गोठलेल्या पाण्यावरून ऑर्लिनच्या लाकडी खोपटापर्यंत चालत गेलो. दुपारचं ऊन बर्फावर असं चमकत होतं की डोळे उघडवत नव्हते. आत छोटी शेगडी पेटलेली, बर्फात पाडलेलं भोक, आणि उलट्या बादलीवर बसलेला ऑर्लिन. त्याने ओठांवर बोट ठेवलं, कारण गळाला काहीतरी लागत होतं.

बर्निसने त्याच्या बोटाकडे लक्ष दिलं नाही. तिने सगळं सांगितलं. एकतीस सामने, दहात आठ, दोन वह्या, बारा हात. मध्ये मध्ये मी भर घालत होतो. दोघं एकदमच बोलत होतो. ऑर्लिनने गळ खाली ठेवला. लँबर्टचं ऐकताना त्याने मान खाली घातली आणि विचारलं की तो हे सगळ्यांसमोर बोलला का. आम्ही हो म्हणालो. "मी नसतो बोललो," तो म्हणाला.

मग त्याने गळाकडे हात नेला, आणि मला वाटलं झालं, आता हा पुन्हा मासे धरायला लागणार. पण त्याने टोपी काढली. त्याचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला होता, कपाळापर्यंत लाल.

"पुन्हा सांग," तो बर्निसला म्हणाला. "हळू सांग. किती आले?"

"एकशे चौसष्ट."

"आणि बाद?"

"एकशे एकतीस."

त्याने ते मनात वजा केलं. "म्हणजे तेहतीस गेले. ते कुठले? तुझ्याकडे लिहिलेत?"

बर्निस म्हणाली की तारखेसकट लिहिलेत, पण वह्या गाडीत आहेत. ऑर्लिन लगेच उठला. त्याने शेगडी विझवली, दोन मासे बादलीत टाकले आणि खोपटाचं दार उघडलं. सातशे पावलांचा तो बर्फ तो असा भराभर तुडवत निघाला की आम्ही दोघं मागे पडलो. गाडीत मागच्या सीटवर त्या दोघांच्या मध्ये पेटी होती, आणि वॉर्बेक येईपर्यंत मी आरशातून बघत होतो. ऑर्लिनच्या मांडीवर सत्तेचाळीस सालची वही होती.

"हा नाही. हा माझ्या पट्ट्यात नव्हता," तो म्हणत होता. "हा चार पावलांवरून गेला."

"तीन," बर्निस म्हणाली.

"आणि तेव्हा ऊन डोळ्यात होतं."

"उन्हाला रकाना नाही, ऑर्लिन."

"मग हा माझ्या नावावर धर," तो म्हणाला, आणि पान उलटलं. "बत्तीस राहिले. पुढचा दाखव."